पहिली खुंटी

अब्दुल गनी सालोत्री चिडले की आवाज चढवत नसत, खाली आणत. मग समोरच्याला ऐकायला पुढं वाकावं लागे, आणि माणूस एकदा पुढं वाकला की त्याची भांडायची रग अर्धी होते, असा त्यांचा अनुभव होता. बैलाच्या मालकावर, कचेरीतल्या पेशकारावर आणि स्वतःच्या फटफटीवर ते याच पद्धतीनं रागावत. फटफटी पुढं वाकत नसे, म्हणून तिच्यापुढं ते स्वतः वाकत.

सालोत्री म्हणजे जनावरांचा डॉक्टर. निजामाच्या राज्यात दफ्तर सगळं उर्दूत, त्यामुळं हुद्देही उर्दूतले. खेड्यातली माणसं त्यांना तोंडावर सायेब म्हणत आणि माघारी ढोरडाक्टर. दोन्ही त्यांना चाले. मी बीडच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, मराठीचा मास्तर होतो. सगळी शाळा उर्दूची आणि मी एकटा मराठीचा, त्यामुळं मला काम बेताचं आणि मानही बेताचाच. माझं घर त्यांच्या घरासमोर होतं. मधली गल्ली एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढी. सात वर्षं मी त्यांना बहुतेक माझ्या दारात उभं राहूनच पाहिलं, आणि त्यांच्याबद्दल जे सांगायचं ते तेवढ्या अंतरावरूनच सांगणार आहे. एक दिवस तेवढा वगळून.

उंच, वाळका माणूस. दाढी आखूड, मेंदी न लावलेली. शेरवानी एकच, राखी रंगाची, आणि तिच्या पुढच्या बाजूला बारीक बारीक भोकं. ती तेजाबाची, म्हणजे ॲसिडची. नवीन माणूस त्या भोकांकडं पाहत राहिला की ते खुलासा करत, ''गाडीनं चावलं.'' हात सारखे धुवत. जनावराला हात लावण्याआधी धुवत आणि नंतरही धुवत. राबियाबी, म्हणजे त्यांच्या बायको, म्हणायच्या की ह्यांना साबण वाहून नेणारा एक वेगळा चपराशी सरकारनं द्यायला पाहिजे.

कोणतंही काम करताना ते आधी जमिनीवर पांढरं फडकं अंथरत. घोड्याच्या खुरातला खडा काढायचा असो की कंदिलाची वात बदलायची असो, हत्यारं त्या फडक्यावर ओळीनं मांडली जात आणि काम झालं की त्याच ओळीनं परत जात. एखादी पकड जागेवर नसली तर ती सापडेपर्यंत काम थांबे, मग बैल खाली पडलेला असला तरी. मला हे अति वाटे, आणि मी तसं बोलूनही दाखवी.

त्यांचा एक नियम मात्र साऱ्या तालुक्याला ठाऊक होता. जनावराचं तोंड ते स्वतः उघडत नसत. मालकानं उघडायचं. एकदा एक देशमुख आपला घोडा घेऊन आले, बरोबर दोन गडी. गड्यांनी घोड्याचा जबडा धरला. गनीसाहेब हात धुऊन, फडकं अंथरून नुसते बसून राहिले. देशमुख म्हणाले, ''बघा की साहेब.'' गनीसाहेब काहीतरी पुटपुटले. देशमुख पुढं वाकले. ''घोडा किसका है?'' गनीसाहेबांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं. देशमुखांनी अंगठ्या काढून गड्याच्या हातात दिल्या आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या घोड्याच्या तोंडात हात घातला. घोड्याला ते आवडलं नाही, पण त्यानं निभावून नेलं.

''मालकाला कळायला पायजे आत काय हाय ते,'' ते मला सांगत. माझ्याशी ते मराठी बोलत, म्हणजे आपल्या समजुतीनं मराठी. ''मैं बैलवाले को बोलता, तुझ्या बैलाचं तोंड तू उघड. फिर मेरी गाडी का झाकण दुसरा कायकू खोले?''

म्हणून फटफटीचं सगळं ते घरी, स्वतः करत. बाजारात एक मिस्त्री होता. मोटारी दुरुस्त करायचा, चांगला माणूस. तो कित्येकदा म्हणाला, ''साहब, भेज दो, मैं देखता.'' गनीसाहेब त्याला चहा पाजत आणि परत पाठवत.

ही फटफटी त्यांनी कालव्याच्या कामावरच्या एका गोऱ्या इंजिनियराकडून घेतली होती. बीडमध्ये तेव्हा फटफट्या मोजून चार असतील, त्यातली ही सगळ्यात हट्टी. तिची ठिणगी बॅटरीवर चाले. सीटखाली एक काळी पेटी, आत शिशाचे पत्रे आणि तेजाब, वर शेजारी शेजारी दोन खुंट्या. एका खुंटीची तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडायची आणि दुसरीची यंत्राकडं. एवढंच ते प्रकरण. पण पेटी मेली की गाडी मेली, मग ती ढकलत आणणं आलं. गावोगाव फिरणाऱ्या माणसाला हे परवडणारं नव्हतं, म्हणून गनीसाहेब त्या पेटीला गाभण गाईसारखं जपत.

महिन्यातून एकदा तिला पाणी घालावं लागे. विहिरीचं पाणी चालत नाही, वाफेचं लागतं. ते कुठून आणायचं? बाजारात एक अत्तरवाला होता, त्याच्याकडं गुलाबपाणी काढायचा तांब्याचा भबका होता. गनीसाहेबांनी तो मागून आणला, राखेनं तीनदा घासला आणि अंगणात चूल मांडून त्यावर पाणी चढवलं. राबियाबी ओसरीवरून बघत होत्या. ''पैले गाडी पानी पियेगी, बाद में घरवाले,'' त्या मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाल्या. भबका कितीही घासला तरी तांबं वास सोडेना. त्या महिन्यापासून गावात बोललं जाई की सालोत्रीसाहेबांची फटफटी गेली की मागं गुलाबाचा वास राहतो. मला तो कधी आला नाही. पण कुणी विचारलं की येतो म्हणून मीही सांगत असे.

गाडीबरोबर इंजिनियरानं एक इंग्रजी पुस्तिका चार दिवसांपुरती दिली होती. त्याला विलायतेला परत जायचं होतं आणि पुस्तिका कुठल्या तरी मित्राला द्यायची होती. गनीसाहेबांना इंग्रजी वाचता यायचं आणि माझी चित्रकला बरी होती. ''मास्टर, तस्वीर तुमी काढा, लिखाई मेरी,'' त्यांनी वाटणी केली. तीन दुपारी आम्ही त्यांच्या बैठकीत बसलो. मी एकेक भाग रेखाटला आणि त्यांनी त्याखाली उर्दूत मजकूर लिहिला.

बॅटरीच्या पानावर दोन खुंट्यांचं चित्र होतं आणि खाली एक ओळ होती: पहिली खुंटी सांगाड्याला, दुसरी यंत्राला. मी खुंट्या काढल्या. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात ती ओळ खाली उतरवली, चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, नीट बेतून. कागद इतका देखणा झाला की तो त्यांनी चौकटीत बसवून भिंतीवर लावला. नव्या पाहुण्याला वाटे, हा कुठल्या तरी किल्ल्याचा नकाशा असावा. मला त्या कागदाचा फार अभिमान होता, हे कबूल केलं पाहिजे.

दोन-तीन वर्षं जुनी पेटी चालली, त्यामुळं कागदाकडं बघायची वेळ आली नाही.

मग बुळकांडी आली. जनावरांच्या तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, पोट सुटायचं आणि आठवड्यात गोठा रिकामा व्हायचा. बीडपासून सहा कोसांवर, आष्टीच्या रस्त्याला बोरखडी नावाचं गाव आहे. तिथं अजून रोग नव्हता, पण शेजारच्या दोन गावांत होता. त्या रस्त्यावरून बैलगाड्या नेऊ नयेत अशी दवंडी गनीसाहेबांनी पिटवली आणि बोरखडीच्या लोकांना लस टोचून घ्यायला सांगायला स्वतः गेले. लोक तयार होईनात. सुई टोचली की रोग घरात येतो, असं कुणीतरी पसरवलं होतं.

त्यांचं ऐकलं एका बाईनं. गंगूबाई पाटलीण. पाटील वारले होते आणि मुलगा लहान होता. कागदावर पाटीलकी दिराकडं होती, पण दीर तिला विचारल्याशिवाय चिलीमही पेटवत नसे. तिनं गावाला सांगितलं की टोचून घ्यायचं. आणि गनीसाहेबांना सांगितलं, ''मंगळवारी दुपारी आमी गावाची येस बांधनार. मरीआईचा गाडा शिवंवर नेला की येस बांधायची. मग आठ दिवस गावात कोनी यायचं न्हाई अन् गावातून कोनी जायचं न्हाई. तुमी दुपारच्या आत या. माझा सबूद हाय गावाला.''

''मैं आता, दोपहर के पैले,'' गनीसाहेब म्हणाले.

तिथून परतताना शेवटच्या कोसाला बॅटरी मेली. ती मरणार हे त्यांनी आधीच ओळखून नगरला नवी सांगून ठेवली होती. लस रविवारी हैदराबादेहून गवतात गुंडाळून आली. नवी पेटी सोमवारी दुपारी आली, तीही एका कापडवाल्याच्या मांडीवर बसून. तो मोटारीनं नगरहून येत होता. हद्दीवरच्या नाक्यावर कारकुनाला ही वस्तू कशात धरावी ते कळेना. औषध म्हणावं तर कुणी पीत नाही, यंत्र म्हणावं तर हलत नाही. शेवटी त्यानं 'काळी पेटी, आत तेजाब' असं लिहून सोडली. कापडवाल्याच्या नव्या धोतराला मांडीवर वीतभर भोक पडलं होतं. गनीसाहेबांनी त्याला आपली शेरवानी दाखवली. दोघांचं तेवढ्यात जमलं.

सोमवारी दुपारी गनीसाहेबांनी अंगणात फडकं अंथरलं. गल्लीतली माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. मी माझ्या दारातून बघत होतो. सीट काढली. जुन्या पेटीचा पट्टा सोडला. जुन्या तारा तेजाबानं कुरतडून गेल्या होत्या, म्हणून त्यांनी नव्या केल्या, दोन्ही एका लांबीच्या, दोन्हीवर एकच काळं कापड. पेटीची जागा सोड्याच्या पाण्यानं धुतली, वाळवली. नवी पेटी बसवली. भिंतीवरची चौकट उतरवून आणली, फडक्यावर ठेवली, नीट वाचली, आणि एकेक तार एकेका खुंटीला आवळली. खुंट्यांना गंज धरू नये म्हणून वरून गाईच्या सडांना लावायचं पांढरं मलम चोपडलं. हात धुतले. ''बिस्मिल्ला,'' म्हणून लाथ मारली.

दुसऱ्या लाथेला फटफटी बोलली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. राबियाबींनी सगळ्यांना गूळ-फुटाणे वाटले. बाजारातला तो मिस्त्रीही आला होता, त्यानं मान हलवून दाद दिली.

मंगळवारी मदरशाला सुट्टी होती. लसीची पेटी कुणीतरी मांडीवर धरून बसायला हवं होतं आणि त्यांचा चपराशी फटफटीवर बसायला घाबरे. तो एक दिवस मी दारातून बाहेर पडलो. ऊन चढायच्या आत निघालो. बाटल्यांभोवती ओलं गोणपाट, पेटी माझ्या मांडीवर. पहिले दोन कोस रस्ता वाईट होता, गाडी हळू चालली. पुढं रस्ता चांगला लागला आणि गनीसाहेबांनी वेग घेतला. थोड्याच वेळात काहीतरी करपल्याचा वास आला. मी खाली पाहिलं. माझ्या मांडीखालून धूर येत होता.

''उतरो!'' ते ओरडले. सात वर्षांत मी ऐकलेला त्यांचा तो एकमेव चढा आवाज. मी घाबरून उडी मारली. पेटी माझ्या हातातून सुटली आणि दगडावर आपटली. आत काचा फुटल्याचं दोघांनीही ऐकलं. त्यांनी शेरवानीचं टोक हाताभोवती गुंडाळून जळती तार उपटून काढली, तरी तळवा भाजलाच.

मी पेटी उघडली. तीन बाटल्या फुटल्या होत्या. गनीसाहेब म्हणाले, ''बाकी?'' बाकी ठीक होत्या.

मग त्यांनी खिशातून कागद काढला. चौकटीतून सोडवून बरोबर घेतला होता. रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून आम्ही तो दोघांनी पाहिला. ते म्हणाले, ''पहिली सांगाड्याला. बराबर लावली.'' आणि त्यांनी बोट ठेवलं उजव्या खुंटीवर. मी म्हणालो, ''पहिली ही.'' माझं बोट डाव्या खुंटीवर होतं.

इंग्रजी डावीकडून चालतं, मराठीही. म्हणून चित्र काढताना माझी पहिली खुंटी डावी होती आणि त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. त्यांची उर्दू उजवीकडून चालते. म्हणून त्यांनी पहिलीचा मजकूर उजव्या खुंटीखाली लिहिला, आणि त्यांनाही विचारावंसं वाटलं नव्हतं. खुंट्यांवर बारीक खुणा होत्या, पण कागदात नव्हत्या, म्हणून त्या कुणी पाहिल्या नाहीत. आम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो आणि गाडीतून धूर निघत होता. तारा उलट्या लागल्या तरी गाडी चालू होते. वेग घेतला की मात्र आतला डायनामो बॅटरी भरण्याऐवजी तिच्याशी भांडायला लागतो. हे त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं. त्या वेळी ते एवढंच म्हणाले, आणि ते ऐकायला मला पुढं वाकावं लागलं, ''पूछना मेरा काम था, मास्टर.''

रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

फटफटी लिंबाखाली लावून आम्ही चालायला लागलो. चार कोस होते. पेटी आळीपाळीनं घेत होतो, पण त्यांच्या एका हाताला फडकं बांधलेलं, त्यामुळं जास्त करून माझ्याकडंच. दीड-एक कोस झाला असेल, तर मागून एक बैलगाडी आली. गाडीवान चाळिशीचा, डोक्याला मुंडासं. त्यानं गनीसाहेबांना ओळखलं आणि चपापला, कारण बंदीचा रस्ता होता. मग आमच्याकडची पेटी आणि आमची तोंडं पाहून त्याला धीर आला.

''बसा सायेब. बोरखडीच्या पांदीपतूर सोडतो.''

मी पेटी गाडीत ठेवायला पुढं झालोच. गनीसाहेबांनी माझा दंड धरला. त्यांनी बैलांच्या नाकपुड्या पाहिल्या, पापण्या उलटवून पाहिल्या, हाताचं फडकं सारखं केलं आणि म्हणाले, ''बैल अच्छे हैं तेरे. घरी ने. आब्बीच्या आब्बी.''

''आवो, बंदी तुमीच घातली अन् तुमीच बसल्यावर कोन इचारतंय मला?''

गनीसाहेबांनी आवाज आणखी खाली नेला. गाडीवान वाकला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण त्यानं गाडी वळवली. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. बाटल्या तापत होत्या, वेळ जात होता, आणि हा माणूस स्वतःची दवंडी पाळत होता. वाटेतल्या एका विहिरीवर त्यांनी गोणपाट पुन्हा भिजवलं आणि मला पाणी पाजलं. स्वतः प्यायला विसरले.

आम्ही बोरखडीला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गाडा शिवेवर गेला होता. वेशीच्या दोन खांबांमध्ये, माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर, लिंबाचा पाला बांधलेला सोल, म्हणजे जाड दोर, ताणलेला होता. आतल्या बाजूला गाव जमलं होतं. पुढं गंगूबाई उभ्या होत्या.

''येळ गेली, सायेब,'' त्या म्हणाल्या. त्यांच्या मागं काही माणसं हसली, आणि ते हसणं त्यांच्यावर होतं, आमच्यावर नाही. गावाला शब्द त्यांनी दिला होता.

गनीसाहेब दोराच्या अलीकडं थांबले. गाडीचं, तारांचं, माझ्या चित्राचं काहीच त्यांनी सांगितलं नाही. ''गलती मेरी,'' म्हणाले. ''तीन बाटल्या फुटल्या. सगळ्यांना पुरणार नाही.''

''दोर सोडा म्हनता?''

''नक्को. दोर तुमचा.''

गंगूबाई दिराकडं वळून म्हणाल्या, ''मानूस आत यायचा न्हाई, असं हाय ना? सुई आली तर कोनाचं काय जातंय?'' म्हातारे एकमेकांत बोलले. एक म्हणाला, सुईमागं हात येतो. दुसरा म्हणाला, हात म्हणजे माणूस न्हाई. बराच खल झाला आणि ठरलं की पाय दोराबाहेर राहिले तर हात आत आलेला चालेल.

''पर आधी गावाची,'' गंगूबाई म्हणाल्या. ''पाटलाचा गोठा शेवटी.''

मग मी जे पाहिलं ते पुन्हा कधी पाहिलं नाही. गनीसाहेबांनी दोराच्या बाहेर धुळीत फडकं अंथरलं. सुया उकळल्या. आतून एकेक मालक आपलं जनावर घेऊन यायचा, स्वतः त्याची मान धरायचा, आणि गनीसाहेब दोरावरून वाकून भाजलेल्या हातानं टोचायचे. पाय एकदाही आत गेला नाही. मी बाटल्या धरत होतो. पोट दोरावर घासून त्यांच्या शेरवानीला लिंबाचा पाला चिकटला होता. सूर्य मावळतीला गेला तेव्हा शेवटची बाटली निघाली आणि गंगूबाईंनी आपली बैलजोडी आणली. हौश्या आणि चंद्या. गनीसाहेबांनी बाटली उजेडात धरली. एकाचंच औषध होतं.

''कोणत्याला?'' त्यांनी विचारलं.

गंगूबाईंनी दोघांच्या पाठीवरून हात फिरवला. ''हौश्याला द्या. चंद्या तरना हाय, तग धरंल.''

आठ दिवसांनी वेस सुटली आणि निरोप आला. गावातली जनावरं जवळजवळ सगळी वाचली होती. चंद्या मेला होता. गंगूबाईंनी तक्रारीचा एक शब्द पाठवला नव्हता; उलट डब्यात खवा होता. राबियाबींनी मला बोलावून सांगितलं की गनीसाहेबांनी खव्याला हात लावला नाही. मीही तो चाखला नाही. पेटी माझ्या हातातून पडली होती, हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं, आणि त्यांनी ते जन्मात कुणालाही सांगितलं नाही. आज मी पहिल्यांदा सांगतो आहे.

फटफटी त्यांनी पुन्हा घरीच दुरुस्त केली. या वेळी चौकट उतरवली नाही. मला दारातून हाक मारली, ''मास्टर, पहली कौनसी?'' मी जाऊन बोट ठेवलं. त्यांनी त्या खुंटीवर लाखेचा लाल ठिपका दिला, मग पेटीवरची बारीक खूण भिंगातून पाहिली, आणि मग तार आवळली. गाडी व्यवस्थित चालली. या वेळी टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

काही महिन्यांनी त्यांची बदली झाली. राबियाबी सामान घेऊन पुढं गेल्या. एके दिवशी पाहिलं तर अंगणात फटफटी नव्हती. ती कुणाला दिली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याच दिवशी त्यांनी माझ्याकडं एक काम दिलं. बोरखडीला जायचं आणि गंगूबाईंना एकच गोष्ट विचारून यायची.

''चंद्या कुठं चालायचा? डावीकडं की उजवीकडं?'' ते म्हणाले. ''और ये भी पूछना मास्टर, किधर से देखके. पीछे से, की सामने से.''

औताला जुंपायचा बैल एकाच अंगाला शिकलेला असतो. डाव्याला उजवीकडं जुंपलं तर तो बावचळतो, जोडी ओढत नाही. मला हे माहीत होतं. तरी हसू आलं, आणि मग आलं नाही.

मी गेलो. गंगूबाई शेणाचे हात धूत होत्या. प्रश्न ऐकून माझ्याकडं बघत राहिल्या. ''कावून इचारतात?''

''मला ठाऊक नाही,'' मी खोटं बोललो.

''गाडीवर बसून बघायचं की. दुसरं कुठून बघनार? चंद्या डावा.'' मग पुन्हा हातांवर पाणी घेत म्हणाल्या, ''लई गुनी व्हता.''

मी परत येऊन शब्द न शब्द सांगितला. गनीसाहेबांनी तो मला दोनदा म्हणायला लावला. दुसऱ्या दिवशी ते सिरसाळ्याच्या बैलबाजाराला गेले. ते बीडला परत यायचेच नव्हते; बैल पोचवून बोरखडीहून परस्पर नव्या गावी जायचे होते. पण सिरसाळ्याहून बोरखडीची वाट बीडवरूनच जाते, म्हणून सहाव्या दिवशी सकाळी मी आष्टीच्या रस्त्याला जाऊन उभा राहिलो.

ते आले. तीच शेरवानी, पायात धूळ. हातात कासरा आणि शेजारी पांढरा, उंच, तरणा बैल. मी म्हणालो, ''बसा जरा, पाणी घ्या.''

''नक्को मास्टर. थांबला की याचे पाय जड होतात. चाल बसली हाय आत्ता.'' असं म्हणून ते न थांबता पुढं गेले.

मी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडं पाहत राहिलो. बैलवाला साधारण बैलाच्या पुढं चालतो आणि कासरा मागं सोडतो. गनीसाहेब पुढं नव्हते. ते बैलाच्या बरोबरीनं चालत होते, त्याच्या उजव्या अंगाला, खांद्याला खांदा लावून, त्याच्या पावलाला पाऊल देत. जोडीतला दुसरा बैल जिथं चालतो, तिथं.